नाव झाकले तरी ओळखू यावे

नव्याने लिहू लागलेली मुले-मुली आपले लिखाण तपासायला घेऊन येतात, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चौकशी झाल्यावर बहुतेकांचा पुढचा प्रश्न एकच असतो, की माझी स्वतःची शैली कशी तयार होईल. शैली ही मजकूर लिहून झाल्यावर त्यावर चढवायची गोष्ट आहे, असे या प्रश्नात गृहीत धरलेले असते आणि मला नेमके तेच मान्य नाही. सोलापुरातील एका दैनिकात मी उमेदीची वर्षे मुद्रितशोधनात घालवली. त्या टेबलावर रोजच्या रोज शेकडो ओळी वाचताना माझे मत बनत गेले ते असे, की लिहिणाऱ्याचा आवाज त्याने स्वतः पाहिलेल्या, हाताळलेल्या आणि पडताळलेल्या गोष्टींतून येतो. ज्याला विषय जवळून ठाऊक आहे त्याची वाक्ये आपोआप त्याची होतात. ज्याला तो ठाऊक नाही त्याची वाक्ये कितीही घोटलेली असली, तरी ती कोणाच्याही नावावर खपतात.

आमच्याकडे बार्शी, करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट अशा सगळ्या तालुक्यांतून वार्ताहरांचा मजकूर येत असे. माणसे वेगळी, गावे वेगळी, पण बातम्यांतील वाक्ये बहुधा एकाच साच्यातली असत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा तर हे फारच जाणवले. 'बळीराजा हवालदिल', 'अस्मानी संकट', 'हातातोंडाशी आलेला घास हिरावला' हे शब्द जवळजवळ प्रत्येक मजकुरात होते आणि त्यांतला कोणताही मजकूर कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावाच्या नावाने छापता आला असता. त्या ढिगात सांगोल्याकडच्या एका वार्ताहराचा मजकूर मात्र निराळा होता. त्याने लिहिले होते, की गार पडली त्या दिवशी डाळिंब धुऊन ठेवल्यासारखे दिसते, मार बसलेली जागा काळी पडायला मध्ये काही दिवस जावे लागतात, आणि म्हणून पहिल्याच दिवशी बाग पाहून गेलेल्या माणसाला नुकसान थोडे वाटते. पुढे एवढेच होते, की गारेने झालेल्या जखमेतून तेल्या हा डाळिंबावरचा रोग शिरतो आणि बागायतदाराला फळापेक्षा त्याची धास्ती अधिक आहे. एकही विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही, तरी मजकूर वाचताना माणूस बागेत उभा असल्याचे कळत होते. वर नाव नसते, तरी तो कोणाचा ते मी सांगितले असते. त्याची लिहिण्याची पद्धत सगळ्या बातम्यांत तीच असे : आधी काय दिसते ते सांगायचे, मग ते तसे का दिसते ते सांगायचे, आणि थांबायचे.

अशा लिखाणाचा सर्वांत मोठा शत्रू मी टेबलावर रोज पाहत होतो, तो म्हणजे प्रसिद्धीपत्रकाची भाषा. 'निर्णय घेण्यात आला', 'वृक्षारोपण करण्यात आले', 'मान्यवरांच्या हस्ते सन्मानित करण्यात आले' या रचनांत काम दिसते आणि करणारा गायब होतो. कार्यालयाला असे लिहिण्याची गरज असेल, तिथे करणाऱ्याचे नाव न येणेच कधी कधी सोयीचे असते. पण आपल्या मनातले लिहिणाऱ्या माणसाने तीच रचना उचलली, की त्याच्या वाक्यातून प्रथम इतर माणसे जातात आणि शेवटी तो स्वतःही जातो. मी कित्येक तरुणांच्या लिखाणात 'लहानपणी आजीकडून गोष्टी सांगण्यात येत असत' अशा धाटणीची वाक्ये पाहतो. आजी गोष्ट सांगत असे, तर 'आजी गोष्ट सांगायची' असे लिहायला कोणाची परवानगी लागते? 'च्या माध्यमातून', 'मोलाचे योगदान', 'वेगळी ओळख निर्माण केली', 'ही काळाची गरज आहे' हे शब्दसमूह याच घरातले. यांतला एकेक शब्द मराठीच आहे, व्याकरणाची चूक कुठेही नाही, आणि म्हणूनच ते लाल पेन्सिलीतून सुटतात. मुद्रितशोधकाचे काम चुका काढण्याचे असते, पण निर्दोष वाक्यही निर्जीव असू शकते, हे मी त्याच कामात शिकलो.

आता आपल्या शहराच्या भाषेविषयी, कारण सोलापुरातल्या लिहिणाऱ्यांची खरी अडचण मला इथे दिसते. आपल्याकडे मराठी ही अनेकांची घरची भाषा नाही. पूर्व भागातील पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, शहरातल्या कितीतरी लिंगायत घरांत आणि अक्कलकोटच्या बाजूला कन्नड चालते, अनेक वस्त्यांत उर्दू आहे, आणि ही सगळी माणसे बाजारात, शाळेत, कचेरीत मराठी बोलतात. अशा घरातून आलेल्या मुलांच्या मनात आपली मराठी अशुद्ध आहे अशी भीती इतकी खोल रुजलेली असते, की कागद पुढे आला की ती स्वतःची वाक्ये टाकून देतात आणि पाठ्यपुस्तकातली किंवा वर्तमानपत्रातली वाक्ये घेतात. मला त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते, की शुद्धलेखन आणि आवाज या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. हे नियम शब्द कसा लिहावा एवढेच सांगतात. वेलांटी कोणती द्यावी हे त्यांना विचारावे. काय सांगावे, कुठून सुरुवात करावी, कुठे थांबावे हे त्यांच्या अखत्यारीत येत नाही. मी आजही वेलांट्या काटेकोरपणे दुरुस्त करतो. परंतु वाक्याची चाल बदलायची वेळ आली, तर आधी लिहिणाऱ्याला ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगतो. वाचताना तो जिथे स्वतःहून थांबतो, तिथे बहुधा त्याचे खरे वाक्य संपलेले असते आणि पुढे उरलेले शब्द कुठून तरी आलेले असतात.

पूर्व भागातील एका मुलीने विडी वळणाऱ्या बायकांवर लेख लिहून आणला होता. तिची आई हेच काम करते. लेखाची सुरुवात होती, 'विडी कामगार स्त्री म्हणजे कष्टाची मूर्तिमंत प्रतिमा होय.' मी तिला विचारले, की आई काम करताना तू नेमके काय पाहतेस. ती सांगू लागली, आणि जे तिने सांगितले ते लेखात कुठेच नव्हते. आई बोलता बोलता विडी वळते, दोरा गुंडाळते, टोक दाबते, हातांकडे पाहतही नाही. पण भिजवलेले पान मापाला लावून कात्रीने कापायची वेळ आली, की गप्प होते, कारण पान वाया गेले तर तंबाखू उरते आणि हिशेब जुळत नाही. संध्याकाळी विड्या मोजून देताना काही बाजूला काढल्या जातात. त्यांचे पैसे मिळत नाहीत आणि त्या परतही मिळत नाहीत. हे शेवटचे वाक्य तिने पहिल्या कच्च्या लेखात लिहिले होते आणि नंतर खोडले होते. ते तक्रारीसारखे वाटेल, असे तिला वाटले होते. नवे लिहिणारे आपले सर्वांत चांगले वाक्य खोडतात असा माझा अनुभव आहे, आणि ते याच भीतीपोटी खोडतात : शेजारी काय म्हणतील, नातेवाईक काय म्हणतील, हे फार साधे तर नाही ना. सोलापुरासारख्या शहरात दोन गल्ल्या पलीकडचा माणूस ओळखीचा निघतो, त्यामुळे ही भीती खोटी नाही. तरीही माणसाचा आवाज त्या खोडलेल्या ओळींतच असतो, असे मला ठामपणे वाटते. तिने ते वाक्य परत घेतले, मूर्तिमंत प्रतिमा काढून टाकली, आणि दुसऱ्या खेपेचा लेख मी वेलांट्यांपलीकडे हात न लावता परत दिला.

याच्या उलट टोकाची एक गोष्ट अलीकडे वाढली आहे, तीही सांगितली पाहिजे. आपला आवाज दाखवायचा म्हणून काही जण प्रत्येक ओळीत 'लै', 'बे' आणि 'करलालाव' पेरतात. सोलापुरी बोलीवर माझे प्रेम आहे आणि ती छापात यावी, असे मला मनापासून वाटते. पण ज्या बोलीत आपण विचार करतो, भांडतो, देणे-घेणे ठरवतो, तिच्यात लिहिणे वेगळे आणि वाचकाला हसवण्यासाठी तिचे चार शब्द वापरणे वेगळे. बोलीतून शेतीचा व्यवहार, यंत्रमागावरची पाळी, आईच्या दुखण्याची काळजी लिहून दाखवली, तर ती बोली लिखाणात उभी राहिली असे म्हणता येईल. केवळ गंमत म्हणून ती वापरणारा लेखकही उसन्या आवाजातच बोलत असतो, आणि शिवाय आपल्याच माणसांना हास्यास्पद ठरवत असतो, याचा मला त्रास होतो.

आपल्या जिल्ह्यात या विषयावर दुसरीकडून काही शिकायला जाण्याची गरज नाही. सोलापूरचे ग्रामदैवत मानल्या जाणाऱ्या सिद्धरामेश्वरांनी १२ व्या शतकात कन्नड वचने लिहिली, ती 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' या अंकिताने, म्हणजे वचनात येणाऱ्या नाममुद्रेने, ओळखली जातात. वारकरी संतांच्या अभंगांतही शेवटी नाव येते. परंतु नाव घालणे कोणालाही जमते. तुकोबांच्या नावाने मागाहून कितीतरी अभंग रचले गेले, आणि कोणता मूळचा, कोणता मागाहून घुसवलेला, याचा निवाडा करताना अभ्यासक 'तुका म्हणे' एवढे पाहून थांबत नाहीत. ते हस्तलिखिते पाहतात आणि त्याच्या जोडीला भाषा व विचाराची ठेवणही पाहतात. अरण हे आपल्याच माढा तालुक्यातले गाव. तिथल्या सावता माळ्यांना विठ्ठल मळ्यातल्या भाजीत दिसला, तर पंढरपूरच्या नरहरी सोनारांच्या अभंगात सोनाराची अवजारे आली. दोघांचा देव एक, संप्रदाय एक, छंद एक, ऐकणारी मंडळीही तीच. तरी एकाचा अभंग दुसऱ्याचा वाटत नाही, कारण दोघेही दिवसभर ज्या कामात असत त्या कामाचे शब्द घेऊन देवापुढे उभे राहिले. आपल्यातल्या औषध दुकानदाराला, बसवाहकाला, टॉवेल कारखान्यात शिलाई करणाऱ्या बाईला लिहायचे झाले, तर त्यांच्यापाशी असे शब्द तयार आहेत. ते साहित्यिक नाहीत म्हणून ते बाजूला ठेवतात, हेच दुःख आहे.

अनुकरणाला मी वाईट म्हणत नाही. आवडत्या लेखकासारखे लिहून पाहिल्याशिवाय वाक्य कसे चालते ते कळत नाही, आणि सुरुवातीच्या लिखाणात दुसऱ्याची छाया असणारच. एकाच लेखकाला धरून न बसता दहा जणांना वाचले, तर ती छाया आपोआप विरळ होते. आजची अधिक मोठी अडचण निराळी आहे. फोनवर देवनागरी टंकलेखन करताना पहिला शब्द लिहिला, की पुढचा शब्द पट्टीवर हजर होतो, आणि तो सर्वांनी सर्वाधिक वापरलेला शब्द असतो. 'हार्दिक' लिहिले की 'शुभेच्छा' येतात. आता तर विषय सांगितला, की पूर्ण लेख लिहून देणारी यंत्रे आली आहेत, आणि त्यांचे वाक्य गुळगुळीत असते. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे आहे त्याने निदान पहिला कच्चा मजकूर कागदावर हाताने लिहावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. हात सावकाश चालतो, म्हणून पुढचा शब्द आपल्यालाच शोधावा लागतो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी सध्या एक काम करायला लावतो. आपल्या मजकुराच्या समासात प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने एक शब्द लिहायचा : पाहिले, ऐकले, वाचले, किंवा नुसते सुचले. 'ऐकले' असेल तर कोणाकडून ते सांगता आले पाहिजे, 'वाचले' असेल तर कुठे ते सांगता आले पाहिजे. 'सुचले' अशी खूण असलेली वाक्ये वाईटच असतात असे नाही, विचार तिथेच असतो; पण सगळे पान त्याच खुणेने भरले, तर पुन्हा बाहेर पडायला हवे. सिद्धरामेश्वरांच्या जानेवारीतल्या गड्डा यात्रेवर लेख लिहिणाऱ्या एका मुलाचे पान असेच भरले होते. श्रद्धा, परंपरा, उत्साह, जनसागर हे सगळे शब्द होते. यात्रेतला अक्षता सोहळा जिथे होतो तो संमती कट्टा होता, सिद्धरामेश्वरांच्या ६८ लिंगांचा उल्लेख होता, पण 'पाहिले' ही खूण एकाच ओळीपुढे होती आणि ती जत्रेतल्या पाळण्याविषयी होती. तो यात्रेआधी नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी, पेलण्याचा सराव पाहायला गेला आणि परत आला तो पानभर मजकूर घेऊन. काठी पेलणारा माणूस पायांकडे पाहत नाही, त्याची मान वर शेंड्याकडे असते. त्याची पावले सोबतचे लोक सांभाळतात, रस्त्यात खड्डा आला की तेच त्याला सांगतात, आणि यात्रेतला बाराबंदी हा पोशाख नसलेल्या त्या रात्री सगळे जण घरच्या साध्या कपड्यांत असतात. हे त्याने लिहिले, आणि यात्रेवरच्या इतर लेखांत त्याचा लेख मला लगेच ओळखता आला. येत्या गड्ड्यावर ज्यांना लिहायचे आहे त्यांनी जानेवारीची वाट पाहू नये. सराव त्याआधीच सुरू होतो आणि तो पाहायला कोणीही जाऊ शकते.