लाकूडतोडीची रेल्वे जपायची ती कशासाठी?

सस्नेह नमस्कार.

कोचीन संस्थानच्या वनट्रामवेच्या, म्हणजे जंगलातले लाकूड वाहून आणणाऱ्या लहान रेल्वेच्या, खुणा आजच्या केरळमधल्या चालकुडी गावातच, एखाद्या लहानशा स्थानिक संग्रहालयात जपल्या जाव्यात, असे मी लिहिले होते. त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: ज्या रुळांवरून परंबिकुलमचे जंगल खाली उतरवले गेले त्यांचा गौरव करणे म्हणजे लुटीचा गौरव करणे आहे, उरलेसुरले लोखंड रानातच गंजून जाऊ द्यावे, आणि संग्रहालयावरचा पैसा झाडे लावण्यासाठी वापरावा. आपली तळमळ शब्दाशब्दांत जाणवते, म्हणूनच थोडक्यात उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

ही ट्रामवे १९०७ ते १९६३ अशी सुमारे अर्धशतक चालली. परंबिकुलमच्या डोंगरांतून चालकुडीपर्यंतचा हा मीटर गेजचा मार्ग सुमारे ८० किलोमीटरांचा होता, आणि चालकुडीला तो शोरनूर-एर्नाकुलम लोहमार्गाला मिळत असल्याने सागवान आणि शिसवीचे ओंडके कोचीच्या बंदरापर्यंत पोहोचत. वाटेत इंजिन चढू शकणार नाही असे तीव्र उतार होते. तिथे दोन मार्ग शेजारी शेजारी टाकलेले असत, आणि वरच्या टोकाच्या चाकावरून गेलेल्या पोलादी दोराच्या एका टोकाला ओंडक्यांनी लादलेली वाघीण (मालडबा), तर दुसऱ्या टोकाला रिकामी वाघीण बांधलेली असे. भरलेली वाघीण स्वतःच्या वजनाने खाली उतरू लागली की तिच्याच ओढीने रिकामी वर येई. माणसांनी सांभाळायचा तो फक्त ब्रेक. तोडलेल्या झाडाचे वजनच पुढच्या झाडासाठी रिकामी वाघीण वर पाठवत होते. तोपर्यंत लाकूड बाहेर काढायला वाट नाही एवढ्याच कारणाने जे रान उभे होते ते कुऱ्हाडीच्या टप्प्यात कसे आले, हे या एका यंत्रणेवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही निषेधाच्या फलकावरून होणार नाही. म्हणून ती नीट समजावून सांगण्याला मी गौरव म्हणत नाही.

एका बाबतीत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. इंजिनाला चकचकीत रंग द्यायचा, शेजारी महाराजांची तसबीर लावायची आणि मुलांना त्यावर बसवून छायाचित्रे काढायची, एवढ्यासाठीच संग्रहालय उभे राहणार असेल, तर आपला आक्षेप मी स्वतःच पुढे नेईन. मला हवे आहेत ते कागद आणि अवजारे. तोडलेल्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा उमटवतात आणि आगाराच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक, लांबी आणि गोलाई लिहितात. अशा नोंदवह्यांची सलग पाने उलटताना, वर्षागणिक गोलाई कमी होत गेली का, कोणत्या कूपातून (तोडीसाठी आखलेल्या वनखंडातून) किती माल आला, हे सरकारच्याच हिशेबातून ताडून पाहता येते. आपण ज्याला लूट म्हणता तिचा पुरावा तिथेच आहे, आणि तो वाळवीच्या स्वाधीन करण्यात जंगलाचे कोणते हित आहे, हे मला खरोखर समजत नाही. आपल्या मुंबईच्या सालिम अलींनी १९३३ च्या पक्षी सर्वेक्षणात ज्या कुरियारकुट्टीला मुक्काम केला होता, ते ठिकाणही याच मार्गावरचे. तेव्हा तिथे कोणते पक्षी होते याची नोंद आपल्यापाशी आहे. मग त्याच काळात तिथून कोणती झाडे गेली, याची नोंद का नसावी?

आता झाडे लावण्याविषयी. परंबिकुलममध्ये झाडे लावली गेली नाहीत असे नाही, ती फार मोठ्या प्रमाणावर लावली गेली. नैसर्गिक मिश्र रान काढून त्या जागी सागाची लागवड झाली, आणि २०१० पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या या भागात आजही एकाच वयाच्या सागांचे विस्तीर्ण पट्टे उभे आहेत. इतिहास माहीत नसलेला पर्यटक त्यांनाच अस्पर्श अरण्य समजून परततो. तोड झाली होती, ती अशी झाली आणि तिच्या जागी हे आले, हे सांगणारी एक जागा असल्याशिवाय समोरचे जंगल वाचताच येत नाही.

तैवानमधल्या अलीशान या डोंगराळ भागाचे उदाहरण मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. जपानी राजवटीत १९१२ साली तिथे वनरेल्वे सुरू झाली आणि शेकडो वर्षांचे सायप्रस वृक्ष त्या रेल्वेने खाली नेण्यात आले. तिची जुनी इंजिने चियायी शहरात जपलेली आहेत. पण वर डोंगरात १९३५ साली, तोडलेल्या वृक्षांच्या आत्म्यांसाठी, तोड करणाऱ्यांच्याच राजवटीत उभारलेला एक स्मारकस्तंभही आहे. इंजिन आणि स्तंभ या दोहोंतले एकच ठेवले असते तर ती गोष्ट अर्धी राहिली असती. परंबिकुलमपाशीही असे काही आहेच: साडेसहा मीटरांहून अधिक घेराचा कन्निमारा साग, ज्याच्यावर कुऱ्हाड पडताच रक्त उसळले आणि म्हणून तो राखला गेला, असे तिथले आदिवासी सांगतात. संग्रहालयात वाघिणीच्या शेजारी ही कथा तितक्याच आदराने मांडलेली असावी, असा माझा आग्रह राहील.

रानातले लोखंड उपटून आणावे, असे माझे म्हणणे नाही. ते जिथे आहे तिथेच, मोजमापे आणि छायाचित्रे घेऊन, राहू द्यावे. खरी घाई माणसांची आहे. कादर आणि मलसर या तिथल्या आदिवासी समाजांतल्या ज्यांनी किंवा ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी हे लाकूड उतरवण्याचे काम केले, त्यांच्यापैकी १९६३ मध्ये वीस वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशी ओलांडून गेला आहे. मजुरी काय मिळे, अपघात कसे होत, आपले रान आपल्याच हातांनी उतरवताना काय वाटे, हे त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करून ठेवायला इमारत लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. संग्रहालयाची सुरुवात इंजिनापासून न होता या ध्वनिमुद्रणापासून व्हावी, असे मला वाटते, आणि एवढ्या कामाला आपलाही विरोध नसावा.