इन्शुरन्स आहे ना!

आज सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीला एकाने मागून ठोकलं. मोबाइल हातातच. उतरला, बंपरकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "इन्शुरन्स आहे ना, कशाला टेन्शन घेता काकू?" काकू मानेवर हात ठेवून उभ्या. बंपर एका बाजूने निखळलेला, पार्किंग सेन्सर वायरीला लोंबकळतोय.

त्या एका वाक्याने डोकं फिरलंय.

अरे बाबा, इन्शुरन्स म्हणजे कुणाच्या काकाची तिजोरी नाही. 100 गाड्यांमागे वर्षाला 5 क्लेम येत असतील, तर प्रत्येकाच्या माथी सरासरी क्लेमचा विसावा भाग बसतो. वर कंपनीचा खर्च आणि नफा. पाचाचे सहा झाले की तो वाटा सगळ्यांसाठी 20 टक्क्यांनी वाढतो. तुझं व्हॉट्सअॅप आम्ही भरतोय. शिवाय बंपर आता नुसतं प्लास्टिक राहिलेला नाही. आत सेन्सर, काही गाड्यांत रडारसुद्धा. बदलला की कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर पुन्हा अचूक जुळवणं आलं, म्हणजे क्लेमची रक्कमही फुगली.

विमा असला की माणूस सैल सुटतो, याला मॉरल हॅझार्ड म्हणतात आणि कंपन्यांना ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून डिडक्टिबल: नुकसानीचा पहिला तुकडा तुमच्या खिशातून. पण गंमत बघा, बहुतेक पॉलिसींत तो आपल्याच गाडीच्या दुरुस्तीला लागतो. दुसऱ्याचं मोडलंत तर थर्ड पार्टीतून, बहुधा पहिल्या पैशापासून, कंपनी भरते. म्हणजे चाप जिथे हवा नेमका तिथेच ढिला! सिग्नलवरचे महाशय स्वतःच्या बॉनेटवरचा ओरखडा अंगठ्याने घासून बघत होते, काकूंकडे पाठ करून.

मग नो क्लेम बोनस, म्हणजे पुढच्या प्रीमियममधली सूट. तो क्लेम न केल्याबद्दल मिळतो, नीट चालवल्याबद्दल नव्हे. बिलातून डिडक्टिबल वजा करा. जे उरतं त्यापेक्षा पुढच्या वर्षांतली बुडणारी सूट मोठी असेल, तर शहाणा माणूस क्लेम टाकतच नाही, गुपचूप डेंट काढून घेतो. कंपनीच्या लेखी धुतल्या तांदळासारखा. दहा वर्षं नशिबाने वाचलेला बेफिकीर आणि खरोखर जपून चालवणारा, दोघांना सूट सारखीच.

विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने 1968 मध्येच मांडलं होतं की गाडी रस्त्यावर आली की इतरांचाही धोका वाढतो, तेव्हा प्रीमियम किती चालवता यावर ठरावा. आता तर किती जोरात ब्रेक मारता, रात्री किती चालवता, फोन किती हाताळता, सगळं मोजणारी टेलिमॅटिक्स आहे. वापरा की! हो, ठीक आहे, त्यात पाळत आहे. आणि पोर आडवं आलं म्हणून मारलेला ब्रेकही तिथे वाईटच दिसतो. रात्रपाळीवाल्याला भुर्दंड बसतो तो वेगळाच. मान्य. तरी नुसत्या वयावरून दर ठरवण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

वेगाचं म्हणाल तर कोरडा रस्ता, चांगले टायर, ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा. ताशी 50 ची गाडी साधारण 28 मीटरवर थांबते. 60 ची गाडी त्याच जागी अजून ताशी 40 च्या आसपास वेगात असते. फरक म्हणे फक्त दहाचा! आणि 60 ने जाताना दोन सेकंद फोन पाहिलात, तर 33 मीटर डोळे मिटून गेलात.

चिडून लिहिलं खरं. तो काही गुंड नव्हता, पंचविशीतला पोरगा, नंतर त्याचेही हात थरथरत होते. फोन आधी कुणी केला असेल, आई असेल, कोण जाणे. पण काकूंना "मान दुखतेय का?" हे त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही. पॉलिसी नंबरचा फोटो मात्र लगेच काढून दिला.