‘थोडंथोडं चारा, सवय होते’ म्हणणाऱ्यांना

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘पिढ्यान्‌पिढ्या दाण्याचं कूट खाल्लं, कुणाला अ‍ॅलर्जी झाली? पोरांना थोडंथोडं चारा, सवय होते. भाजलं की दोष जातो. पाकिटावरच्या सूचना बड्या कंपन्यांसाठी, आचाऱ्याचा काय संबंध?’ माझ्या पुतण्याला शेंगदाणा चालत नाही. म्हणून हे उत्तर.

पूर्वीही व्हायचं. ‘अंगावर पित्त उठलं’, ‘काहीतरी बाधलं’ म्हणून सोडून द्यायचे.

भाजल्याने दोष जात नाही. त्रास देतात ती दाण्यातली प्रथिनं, आणि त्यातली मुख्य प्रथिनं उष्णतेला दाद देत नाहीत. कोरडं भाजल्यावर ती उलट जास्त त्रासदायक ठरू शकतात. रिफाइंड तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, घाण्याच्या तेलात उरतं.

‘सवय होते’ हे सगळ्यात घातक. तान्ह्या बाळांना लवकर शेंगदाणा दिला तर अ‍ॅलर्जी टळू शकते, हे २०१५च्या एका अभ्यासात दिसलं. पण ते अ‍ॅलर्जी होण्याआधीचं. ज्याला ती आहे त्याला घरच्या घरी चारून बघू नका. एका घासाने श्वास कोंडतो आणि तेव्हा अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, ताबडतोब.

सूचना फक्त बड्या कंपन्यांसाठी नाहीत. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२०च्या नियमांनुसार गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणा, काजू-बदाम, सोयाबीन आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट (पदार्थ टिकवायला वापरतात ते गंधकाचं रसायन) असेल तर पाकिटावर लिहावंच लागतं. आपल्या भडंगाच्या पाकिटावरसुद्धा. गंधकाची धुरी दिलेल्या पिवळ्याधमक बेदाण्यावरही, कारण सल्फाइटने काही दमेकऱ्यांना त्रास होतो. तीळ-मोहरी या यादीत नाहीत, त्यामुळे पाठीमागचे घटक वाचावेच लागतात.

आचाऱ्याबद्दल मेसेज निम्मा खरा आहे. मेन्यूवर अ‍ॅलर्जीची माहिती देण्याची सक्ती एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना असणाऱ्या मोठ्या व्यावसायिकांना आणि १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असणाऱ्यांना आहे, लग्नाच्या आचाऱ्याला नाही. पण कायदा नाही म्हणून पोराचा श्वास कोंडायचा थांबत नाही. एका कार्यालयात मी वाढप्याला विचारलं होतं, तो ‘दाणे नाहीत’ म्हणाला. पनीरच्या रश्श्यात काजूऐवजी शेंगदाणे वाटलेले होते. ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. वाढप्यावर माझा राग नाही, त्याला आतून कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या महिन्यात घरचं कार्य आहे. आचाऱ्यांनी मान्य केलंय: दाण्याच्या पदार्थांचे डाव वेगळे, मांडणी टेबलाच्या एका टोकाला, आणि प्रत्येक पातेल्यापुढे पाटी. पाट्या मी लिहिणार आहे.