‘कानांना सवय होते’ म्हणणाऱ्या बेंजोवादकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या आवाजात वाजवणाऱ्या प्रत्येकाने कानात प्लग घालावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं: ते मुंबईत बेंजो पथकात वाजवतात. सीझनच्या पहिल्या एक-दोन सुपाऱ्यांना, म्हणजे वाजवायच्या कामांना, कान दुखतात, मग कानांना सवय होते. प्लग घालून वाजवणं म्हणजे हातमोजे घालून तबला वाजवणं. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर वाजवलं, त्यांना काही झालं नाही. आणि असले लेख शेवटी फिरून फिरून गणपतीच्या मिरवणुकीवरच येतात.

शेवटच्या मुद्द्याचं आधी बोलतो, कारण त्याचा राग तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत आहे. मिरवणूक बंद करा असं मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. मी स्वतः ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. त्यावरून मंडळं, पोलीस आणि कोर्ट यांच्यात दरवर्षी काय चालतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. पण त्या सगळ्या भांडणात एका माणसाचं नाव कधीच निघत नाही: स्पीकरच्या बॉक्ससमोर उभं राहून पाच-सहा तास वाजवणारा. कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा नियमांत लिहिलेली आहे. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेवरच्या आवाजाचे २००५ चे नियम २००८ पासून संगीत आणि करमणुकीच्या धंद्यालाही लागू झाले. तिथल्या रॉयल ऑपेरा हाउसमधल्या एका व्हायोलावादकाचा कान तालमीत पितळी वाद्यांच्या पुढ्यात बसून गेला. त्याने दावा लावला आणि २०१८ मध्ये कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला. तिथे तर स्पीकरसुद्धा नव्हते. आपल्याकडे बेंजो पथकातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला यातलं काही कोण सांगतं? मी लेख त्याच्यासाठी लिहिला होता.

आता सवयीबद्दल. पहिल्या रात्री कानाला दडे बसतात, घरी येऊन आडवं झालं की शिट्टी ऐकू येते, आणि चार-पाच सुपाऱ्यांनंतर तेवढं जाणवत नाही. तुमचा हा अनुभव खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याचा जो अर्थ तुम्ही लावता, तो बरोबर उलटा आहे.

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत, साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे केस वाकतात आणि त्यातून मज्जातंतूला संदेश जातो. तासन् तास मोठा आवाज आला की या पेशी थकतात आणि कान तात्पुरता मंद होतो. पुरेशी शांतता मिळाली तर काही तासांत, कधी एक-दोन दिवसांत तो बऱ्यापैकी पूर्ववत होतो. सीझनमध्ये तेवढी शांतता मिळते कुठे? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा सुपारी. म्हणजे चौथ्या रात्री तुम्ही सुरुवातच मंद झालेल्या कानाने करता. आवाज टोचत नाही, कारण तो पूर्ण पोचतच नाही.

हे पडताळून बघायचं असेल तर आपल्या साउंडवाल्याकडे लक्ष ठेवा. संध्याकाळी सगळं व्यवस्थित लावलेलं असतं. नऊ-साडेनऊला कोणीतरी ओरडतो, ‘टॉप वाढव, बेंजो येत नाही.’ (टॉप म्हणजे वरच्या पट्टीचे स्पीकर.) थोड्या वेळाने पॅडवाला ओरडतो. साउंडवाल्याने हात लावायच्या आधी मिक्सरवर काहीही बदललेलं नसतं, बदललेला असतो तो आपला कान. तो खाली गेला की आपण आवाज वर नेतो, आवाज वर गेला की कान आणखी खाली जातो. रात्रभर हेच चालतं आणि शेवटच्या तासाला सगळ्यात जास्त मार बसतो.

एकदा मेलेली केसपेशी माणसाच्या कानात परत येत नाही. कोंबडीच्या कानात येते, आपल्या नाही. आणि सकाळी कान मोकळा झाला म्हणून सुटलो, असंही धरून चालू नका. २००९ मध्ये बोस्टनच्या दोन संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. दोन तास मोठा आवाज ऐकवल्यावर काही दिवसांनी उंदरांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत दिसल्या. पण स्वरांच्या काही पट्ट्यांत केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जवळपास निम्मे जोड कायमचे तुटले होते.

नुकसानाची सुरुवात बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे स्वराच्या उंचीचं माप) पट्ट्यात होते, आणि ४००० च्या आसपास सगळ्यात आधी खड्डा पडतो. कानाच्या बाहेरच्या नळीची लांबीच अशी असते, की त्याच्या जरा खालचे स्वर ती आपोआप वाढवून आत पाठवते, आणि मार त्यांच्या जरा वरच्या स्वरांना बसतो. या पट्ट्यात आवाजाची ‘ताकद’ नसते, धार असते: ताशाच्या काडीची, झांजेची, बेंजोच्या तारेवर नखी पडते त्या क्षणाची. बोलण्यातले स, श, फ, थ इथेच असतात. म्हणून अशा माणसाला बेस छान ऐकू येतो, बोलणारा समोर आहे हेही कळतं, पण दुकानदार ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’, ते कळत नाही. घरात तो ‘नीट बोला ना जरा’ म्हणून चिडतो. आपल्याला कमी ऐकू येतं असं त्याला वाटतच नाही.

वडिलांचं ऐकून मनापासून बरं वाटलं. सगळ्यांचे कान सारखे नसतात. तेवढ्याच आवाजात एकाचं जास्त बिघडतं, दुसऱ्याचं कमी, आणि आपण कुठल्या बाजूचे आहोत हे आधी कळायला कुठलीही तपासणी नाही. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, दौरा थांबवला नाहीत तर पूर्ण बहिरे व्हाल. तोही त्याआधी कित्येक वर्षं गात होता. शिवाय वडिलांच्या उमेदीतल्या गाडीवर किती वॅटचा अँप्लिफायर होता आणि तुमच्या गाडीवर आज काय लावलेलं असतं, हे त्यांनाच विचारा.

किती वेळ चालतं, याचा हिशेब अमेरिकेतल्या एनआयओएसएच या सरकारी संस्थेने मांडून ठेवला आहे. ८५ डेसिबल असेल तर आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, कारण तेवढ्यात आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. १०० ला पंधरा मिनिटं. बॉक्सच्या पुढ्यात १०० सहज ओलांडले जातात; तालमीच्या बंद खोलीत ड्रमसेट आणि दोन अँप असले तरी तेवढं होतं. मीटर नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का बघा. लागत असेल तर तुम्ही ८५ च्या वर आहात.

आता हातमोजे आणि तबला. इथे तुमची तक्रार रास्त आहे, कारण तुम्ही बहुतेक पिवळे-नारिंगी फोमचे प्लग घालून बघितले असणार. फोम वरची पट्टी खालच्यापेक्षा जास्त कापतो. बेस घुमतो, बेंजोची धार जाते, सगळं रजईखालून आल्यासारखं वाटतं. वादकांसाठीचे प्लग वेगळे असतात. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने १९८८ मध्ये ईआर-१५ हा फिल्टर आणला, तो वरपासून खालपर्यंत सगळे स्वर जवळजवळ सारखेच १५ डेसिबलने उतरवतो. आवाजाचा रंग तोच राहतो, पातळी उतरते. आणि १५ म्हणजे किती, ते वरच्या हिशेबात घालून बघा: १०० चे ८५ झाले, पंधरा मिनिटांचे आठ तास झाले. ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) कानाचा साचा देऊन बनवून घेतले तर खर्च बराच येतो, पण याच तत्त्वावरचे तयार रबरी प्लग हजार-दोन हजारांपासून मिळतात. सुरुवात सुपारीत करू नका, तालमीत करा. पहिले काही दिवस विचित्र वाटतंच.

गाणाऱ्यांची अडचण निराळी. कान बंद झाला की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो आणि सूर कळेनासा होतो. प्लग वरवर बसला की हे जास्त होतं. साच्यावरून केलेला, नळीच्या दुसऱ्या वळणापर्यंत खोल जाणारा प्लग असेल तर घुमणं पुष्कळ कमी होतं. कानातले मॉनिटर (स्टेजवर स्वतःचं ऐकायचे इअरफोन) वापरणाऱ्यांनी एक कान मोकळा ठेवू नये. उघड्या कानावर स्टेजचा मार चालूच राहतो, आणि एकाच कानात पुरेसं वाटावं म्हणून मॉनिटरचा आवाज वाढवला जातो.

पैसे नसतील तर फोमसुद्धा चालेल, दहा-वीस रुपयांना जोडी मिळते. फक्त तो नीट बसवा. कोरड्या, स्वच्छ बोटांनी वळून वळून काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सारा आणि फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवा. नुसता तोंडाशी अडकवलेला प्लग घामाने अर्ध्या तासात बाहेर येतो. कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काहीच होत नाही. आणि मध्येच ‘जरा ऐकू दे’ म्हणून काढू नका. १०० डेसिबलला पाव तास काढलात की बाकीची रात्र घातलेला असूनही दिवसाचा कोटा संपतो.

पण सगळं प्लगवर ढकलू नका. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे टॉपपासून दोनऐवजी चार पावलं लांब उभं राहिल्यानेही वेळ चौपट मिळतो. टॉप डोक्याच्या वर चढवा, कानाच्या रेषेत ठेवू नका. बॉक्ससमोर तोच मुलगा रात्रभर उभा राहणार नाही, अशा पाळ्या लावा. हे पथकाच्या मालकाने ठरवायचं आहे, आणि तुमच्या पथकात तुमचा शब्द चालतो असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

कानात शिट्टी किंवा दडा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, किंवा एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, तर सीझन संपायची वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

आणि यंदाच्या पहिल्या सुपारीआधी ऑडिओग्राम, म्हणजे कुठला स्वर किती ऐकू येतो याची तपासणी, काढून घ्या. वांद्र्याला अली यावर जंग या वाणी-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेत होतो, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही होतो. तपासणीआधी निदान चौदा-सोळा तास तालीमसुद्धा नको, नाहीतर थकलेल्या कानाचं माप येईल. रिपोर्ट जपून ठेवा. विसर्जनानंतर काही दिवस जाऊ द्या, मग पुन्हा काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ४००० च्या रकान्यात काय फरक पडलाय ते बघा. वडिलांनाही सोबत न्या.