कप बशीत वाजला म्हणून

आज हळदीकुंकवाला गेले होते. चहा हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे कप बशीत वाजायला लागला. शेजारी बसलेल्या आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "अजून त्या डोक्याच्या गोळ्या चालूच का गं? किडन्या जातील अशाने. आता चांगली आहेस ना, मग सोडून दे बघू." चार बायका वळून बघायला लागल्या. मी कप खाली ठेवला. घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

हो, मी लिथियम घेते, हात थरथरतो तो त्यानेच. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उधाणतं, कधी पार खचतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना आता कळलं.

"चांगली आहेस ना, मग सोड" हे २०१४ मध्ये मीच स्वतःला म्हटलं होतं. दोन वर्षं छान गेली होती. कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात झोप उडाली, आणि खरं सांगते, इतकं सुंदर मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तिसऱ्या रात्री अडीच वाजता सहा वर्षांच्या लेकाला उठवलं, स्कूटीवर मागे बसवलं आणि खंबाटकीतून सूर्योदय दाखवायचा म्हणून साताऱ्याहून हायवेला लागले. पाचवडला एका चहावाल्याने थांबवलं. पोराच्या पायात चप्पल नव्हती, ते त्याला दिसलं. मला दिसलं नव्हतं.

किडनीचं मला माहीत नाही असं वाटतं का लोकांना? दर तीन-चार महिन्यांनी रक्त देते, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. रक्तातली लिथियमची लेव्हल ०.६ ते ०.८ च्या आसपास हवी, दीडच्या वर गेली की तेच औषध विष. शिवाय क्रिएटिनिन (किडनी मंदावली की हे वाढतं), थायरॉइडसाठी टीएसएच, आणि कॅल्शियम. कंबर धरली तरी डायक्लोफिनॅक नाही की आयब्युप्रोफेन नाही, या दुखण्याच्या गोळ्याच नाहीत, त्याने लिथियम रक्तात साठतं. निर्जळी एकादशी सोडली. मीठ स्वतःच्या मनाने कमी करायचं नाही. जुलाब लागले तर आधी डॉक्टरांना फोन. हे सगळं मी रोज सांभाळते, आणि सल्ला मात्र चहा पिता पिता मिळतो!

आत्याबाई अगदीच खोटं बोलल्या असंही नाही. चौथ्या वर्षी थायरॉइड मंदावला, त्याची गोळी वेगळी. क्रिएटिनिन ०.७ होतं, आता १.१ आहे. वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींच्या किडन्या थकतात. रिपोर्ट उघडताना पोटात गोळा येतो. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी डोस थोडा उतरवला, किडनीच्या डॉक्टरांनाही दाखवून आले. उद्या औषध बदलायची वेळ आली तर बदलेन, पण त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू. एका झटक्यात नाही. झटक्यात सोडल्यावर काय होतं ते पाचवडला बघितलंय.

आणि हे काही काल बाजारात आलेलं औषध नाही. ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना ते देऊन निष्कर्ष छापले ते १९४९ मध्ये. आत्महत्येचा धोका कमी होतो म्हणून आजही डॉक्टर त्याचं नाव आधी घेतात. त्या रात्रीनंतर चार महिने मी पलंगावरून उठले नव्हते. तेव्हा मनात काय काय आलं ते इथे लिहिणार नाही. क्रिएटिनिन रिपोर्टात छापून येतं. ज्या रात्री आल्याच नाहीत, त्या कुठे छापून येणार?

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या चार महिन्यांत रोज दुपारी डबा घेऊन येणाऱ्या आत्याबाईच होत्या. भाताचा घास मळून माझ्या तोंडाशी धरायच्या. त्यांना माझ्या किडनीची काळजी खरीच आहे. उद्या जाऊन नीट सांगेन त्यांना, रिपोर्टची फाइल घेऊनच जाईन.

लेक आता अकरावीत आहे. मघाशी डोकावून म्हणाला, "आई, सोमवारी रक्त द्यायचंय ना? रविवारी गोळी रात्री नवाला घे, सकाळी नऊला जाऊ. मी येतो बरोबर."