दीड टनाचा कॉम्प्युटर आणि होसपाइपवाली बाई

सध्या एक पोस्ट जिकडेतिकडे फिरतेय. अमेरिकेतल्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स' टाइप यंत्रं-तंत्रज्ञानाच्या जुन्या मासिकांची आठ-दहा चित्रं, आणि खाली मजकूर असा की ही मासिकं म्हणजे वर्षानुवर्षं छापलेल्या थापा, एक भाकीत खरं ठरलं नाही, घरी करायला दिलेल्या वस्तू कुणी केल्या नाहीत आणि केल्या असत्या तर जिवानिशी गेले असते. मला ती चार ग्रुपवर आली. चौथ्यांदा आल्यावर राहवेना.

आधी ते दीड टनाचं प्रकरण. म्हणे १९४९ मध्ये लिहिलं होतं की कॉम्प्युटर दीड टनापेक्षा हलका होणारच नाही, हा हा हा. अहो, 'पॉप्युलर मेकॅनिक्स'चा मार्च १९४९ चा तो अंक स्कॅन होऊन नेटवर पडलाय, उघडून बघा की! तिथे लिहिलंय की आजच्या एनियाक या कॉम्प्युटरमध्ये १८,००० व्हॅक्यूम ट्यूब (बल्बसारख्या काचेच्या नळ्या) आहेत आणि वजन ३० टन, पुढच्या मशीनमध्ये कदाचित १,००० च ट्यूब असतील आणि वजन दीड टनच भरेल. म्हणजे तो बिचारा सांगतोय की वीस पटीने हलकं होईल आणि आपण नेमका उलटा अर्थ काढून खिदळतोय. हसायचंच तर यावर हसा की ट्यूबची जागा घेणारा चिमुकला ट्रान्झिस्टर १९४८ मध्येच जाहीर झाला होता, तरी हा ट्यूबच मोजत बसला.

मग होसपाइपवाली बाई. त्याच मासिकाचा फेब्रुवारी १९५० चा अंक, २००० सालातलं घर, बाई दिवाणखान्यात सोफ्यावर खुशाल पाणी मारतेय कारण सगळं वॉटरप्रूफ, आणि पाणी जायला जमिनीत मधोमध भोक. साफ फसलेलं भाकीत, वाद नाही. पण त्याच लेखात तीच बाई घरबसल्या टीव्हीवर दुकानातलं कापड बघून खरेदी करते आणि तिच्या नवऱ्याला फोनवर लांबच्या गावचा मित्र बोलताना दिसतो. पोस्टवाल्याने हे बरं गाळलं.

ते डोकं झाकणारं लाकडी हेल्मेट, 'आयसोलेटर', १९२५ चं. ते येडपटच आहे. आत-बाहेर बुचाचं लाकूड, डोळ्यांसमोरच्या काचा काळ्या करून एक बारीक रेघ तेवढी मोकळी, आणि आत बसल्या बसल्या पेंग येते म्हणून ऑक्सिजनची टाकी. पण ते संपादक ह्यूगो गर्न्सबॅकचं स्वतःचं खूळ, लिहिताना कुणाचा आवाज नको म्हणून केलेलं. त्याच गृहस्थाने १९१९ मध्ये आपल्या आधीच्या मासिकात विजेचा मोठा संशोधक निकोला टेस्ला याचं आत्मकथन क्रमशः छापलं होतं. एका हेल्मेटवरून सगळ्या मासिकांना वेड्यात काढायचं म्हणजे सुतावरून स्वर्ग झाला.

आता "कुणी काही बनवलं नाही", खरा राग मला याचा आहे. मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल नावाचा माणूस होता, इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही, त्याने लाकडी दोन सीटचं विमान बांधून त्याला फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन बसवलं, साधारण ४० हॉर्सपॉवरचं. गाडीचा रेडिएटरसुद्धा तसाच, पुढच्या माणसाच्या नाकासमोर उभा, समोरचं दिसायचं तर मान बाजूला काढा! तिकडे 'मॉडर्न मेकॅनिक्स'चा संपादक वेस्टन फार्मर याचं ठाम मत की गाडीच्या इंजिनावर विमान धड उडत नाही. पीटनपोलने वाद घालत न बसता १९३० मध्ये दोन विमानं उडवत नेली आणि मिनियापोलिसजवळ त्याच्यासमोर उतरवली. संपादकाने मत गिळलं आणि प्लॅन मागून घेतले, ते मासिकवाल्यांच्याच १९३२ च्या विमानांच्या वार्षिकात छापून आले. आणि त्यावरून लोक आजही विमानं बांधतात, 'एअर कॅम्पर' शोधून बघा.

आणि जानेवारी १९७५ चा 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'? कव्हरवर अल्टेअर ८८००, घरी जोडायचा कॉम्प्युटर, किट चारशे डॉलरच्या आत. मेमरी २५६ बाइट, ना कीबोर्ड ना स्क्रीन, नुसते स्विच आणि दिवे. गंमत म्हणजे खरा नमुना पाठवताना वाटेत हरवला म्हणून कव्हरवर छापलाय तो रिकामा डबा. तो अंक पॉल ॲलनने बिल गेट्सला दाखवला, दोघांनी त्या मशीनसाठी बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा लिहिली, आणि त्यातून मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. रिकाम्या डब्याचा फोटो होता म्हणून याला थाप म्हणायचं का?

धोक्याचं म्हणाल तर तो मुद्दा बरोबर आहे. फुप्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस, कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी द्रावण, सगळं बिनधास्त वापरा म्हणून सांगायचे. ते तेव्हा घराघरात होतंच, पण म्हणून आज तसं करू नका.

मी स्वतः केलाय तो या मासिकांतला क्रिस्टल रेडिओ, बॅटरी लागत नाही असला. सिग्नल पकडणाऱ्या खड्याऐवजी (क्रिस्टलऐवजी) तेच काम करणारा जर्मेनियम डायोड लावला तेवढी चीटिंग. पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळताना ऐंशीव्या वेढ्याला बोट सटकलं आणि सगळी कॉइल स्प्रिंगसारखी उसवली, दोनदा. चित्रात तारेचं टोक नळीच्या दोन भोकांतून ओवून घेतलेलं स्पष्ट दाखवलं होतं, मीच बघितलं नव्हतं. तिसऱ्यांदा तसं केलं तेव्हा स्टेशन लागलं, आवाज इतका बारीक की पंखा बंद करून ऐकावं लागलं.