घड्याळातला ईसीजी आणि मंजुरीचा उशीर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

स्मार्टवॉचमधील आरोग्यसोयी देशोदेशी वेगवेगळ्या वेळी का सुरू होतात, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : लेखात सरकारी दिरंगाईची भलामण केली आहे, जपानचे साल चुकले आहे, ओसाकात राहणाऱ्या आपल्या भावाला हातात घड्याळ असूनही ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या विद्युत-लहरी नोंदवण्याची, सोय दोन वर्षे वापरता आली नाही, आणि शेवटी, “जीव घड्याळ वाचवते, सरकारी शिक्का नव्हे, पण खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांना हे कळायचे नाही.”

सालाबद्दलचा आक्षेप मला मान्य आहे. ॲपलच्या ईसीजीला जपानमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली, पण लोकांना ती सोय वापरता आली जानेवारी २०२१ पासून. मी सरसकट २०२० लिहिले होते. लेखात दुरुस्ती केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आपली आभारी आहे.

‘भलामण’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. ऑस्ट्रेलियातील लोकांना याच सोयीसाठी २०२१ पर्यंत थांबावे लागले आणि इतका काळ समर्थनीय नाही, असे मी त्याच लेखात स्वच्छ लिहिले आहे. तो परिच्छेद आपण वाचला असता तर हा शब्द वापरला नसता असे मी मानते. आणि वाचूनही वापरला असेल, तर तो माझ्या मतावरचा आक्षेप नसून माझ्या हेतूवरचा आरोप आहे. मतभेदाला मी नेहमीच उत्तर देते. हेतूवर बोट ठेवणाऱ्याने निदान लेख शेवटपर्यंत वाचलेला असावा, एवढी माझी अपेक्षा आहे.

आता त्या खुर्चीबद्दल. ती खुर्ची बावीस वर्षे एका रुग्णालयाच्या उपकरण विभागात होती. ईसीजी यंत्रे, मॉनिटर आणि ऑक्सिमीटर तपासून ते वापरायोग्य आहेत असे सही करून सांगणे, हे माझे काम होते. ती सही करताना हात किती जड होतो हे मला ठाऊक आहे, म्हणून ‘शिक्का’ हा शब्द असा फेकलेला मला सहन होत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये माझ्या वडिलांना ताप आला. भावाने त्यांच्यासाठी ऑक्सिजन दाखवणारे एक स्वस्त घड्याळ आणले होते. सकाळी ९७, दुपारी ९७, संध्याकाळी ९८. पलंगावरून उठून मोरीपर्यंत जाताना त्यांना दम लागत होता, तरी घरातले सगळे त्या आकड्याकडे पाहून निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी मी पोहोचले आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर ८५. वडील पुढे बरे झाले, पण तो एक दिवस आम्ही एका आकड्याच्या भरवशावर घालवला होता. नंतर तेच घड्याळ मी पंच्याची घडी करून तिच्याभोवती बांधले. दिवा लुकलुकला, काही सेकंद गेले आणि पडद्यावर ९६ उमटले. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले होते की हे उपकरण वैद्यकीय वापरासाठी नाही. त्या घड्याळाला कुठेही उशीर झाला नव्हता, कारण त्याने कोणाकडे मंजुरी मागितलीच नव्हती. तुम्ही ज्याला घड्याळाने जीव वाचवणे म्हणता, त्याची ही दुसरी बाजू माझ्या घरात घडलेली आहे.

मंजुरी घेताना काय तपासले जाते, तेही सांगते, कारण आपल्या त्या एका वाक्यात या कामाची किंमत शून्य धरलेली आहे. अमेरिकेत औषधे आणि वैद्यकीय उपकरणे मंजूर करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने ११ सप्टेंबर २०१८ रोजी ॲपलच्या ईसीजीला ज्या मार्गाने मंजुरी दिली, तो मार्ग पूर्वी त्या प्रकारचे उपकरणच नसेल तेव्हा वापरतात. त्यासाठी सुमारे ६०० जणांवर चाचणी झाली. ज्या नोंदींचे वर्गीकरण करता आले, त्यांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, म्हणजे एट्रिअल फिब्रिलेशन, ९८.३ टक्के वेळा ओळखली गेली, आणि ठोके नियमित असताना तसे ९९.६ टक्के वेळा बरोबर सांगितले गेले. ‘वर्गीकरण करता आले’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण दर शंभरातील सुमारे बारा नोंदींवर घड्याळाला काहीच सांगता आले नव्हते. नाडीतील अनियमिततेची आपोआप सूचना देणारी सोय वेगळी. तिच्या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोक होते आणि सूचना आली ती फक्त ०.५२ टक्के लोकांना. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजी नोंदवणारी पट्टी लावून तपासणी पूर्ण केली, त्यांच्यात हा विकार ३४ टक्के जणांत सापडला. हा विकार येतो-जातो, त्यामुळे उरलेल्या सगळ्या सूचना खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. पण सूचना म्हणजे निदान नव्हे, हे आपल्याला आज ठामपणे सांगता येते ते कोणीतरी हे आकडे मागितले म्हणूनच.

“एका देशाने तपासले, मग दुसऱ्याने पुन्हा कशाला?” असेही आपण विचारले आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातील ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होते, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. ही रुग्णालयातली, शिक्का असलेली उपकरणे होती. शिक्का मारताना त्वचेच्या रंगाचा प्रश्न पुरेसा खोलात जाऊन विचारला गेला नव्हता, त्याची किंमत रुग्णांनी मोजली. ऑक्सिमीटर त्वचेतून प्रकाश पाठवून मोजतो; आपल्या सावळ्या हातांवर हा प्रकाश कसा वागतो, हे भारताने स्वतंत्रपणे विचारले तर त्याला मी लालफीत म्हणणार नाही.

आणि सगळाच उशीर सरकारचा असतो, हेही खरे नाही. अमेरिकेत मंजुरी सप्टेंबरमध्ये होती, सोय सुरू झाली डिसेंबरमध्ये. ते तीन महिने कोणत्याही सरकारी कार्यालयाने घेतलेले नाहीत. अमेरिकेत नव्याने विकल्या जाणाऱ्या ॲपलच्या घड्याळांतील ऑक्सिजन मोजणी जानेवारी २०२४ पासून दीड वर्षाहून अधिक काळ बंद होती, ती पेटंटच्या वादामुळे. भारतात ईसीजी सप्टेंबर २०१९ मध्येच आला, जपान, दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलिया यांच्या आधी. इथे हेही लक्षात घ्यावे, की आपल्याकडे सॉफ्टवेअरसह सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली ती १ एप्रिल २०२० पासून. लवकर मिळणे म्हणजे नीट तपासून मिळणे, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

उरलेल्या मुद्द्यांत, म्हणजे माझे वय, माझी भाषा आणि मी कोणत्या कंपनीची बाजू घेते यांत, उत्तर देण्यासारखे मला काही दिसले नाही.

आपल्या भावाविषयी मात्र मनापासून लिहिते. विकत घेतलेल्या वस्तूतील सोय कुलूपबंद राहिली, याचा राग मी समजू शकते. पण त्यांना एक जरूर सांगा. घड्याळाच्या किल्लीवर बोट ठेवून तीस सेकंदांत मिळते ती एकाच लीडची, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने पाहणारी, नोंद असते, आणि तिच्यात हृदयविकाराचा झटका कळत नाही, हे कंपनीने स्वतःच त्या ॲपमध्ये लिहिले आहे. छातीत दाटले, घाम फुटला किंवा डावा हात भरून आला, तर ते तीस सेकंद घड्याळावर घालवू नयेत. जपानमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक ११९ आहे.